वीस टँकर पाणी, एक बाटली

पडवीतल्या खुंटीवर बाबांचं इरलं अजून टांगलेलं आहे. वापरत कुणी नाही, पण काढायचं धाडसही कुणी केलेलं नाही. लावणीला माहेरी गेले तेव्हा त्या इरल्याखाली तणनाशकाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली ठेवलेली दिसली. भाचा सातवीत आहे आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्याला खोड आहे. एसटीवरच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू, देवळातली देणगीदारांची यादी, काही सुटत नाही. त्यानं बाटली उचलली आणि वाचली, "ब्युटाक्लोर पन्नास टक्के." मग विचारलं, "आत्या, हा निळा त्रिकोण कशाचा?"

मी तोंड उघडायच्या आत दादा ओटीवरून म्हणाला, "लाल नाय ना तो? मग काय नाय. ठेव खाली आणि हात धू."

"काय नाय" आणि "हात धू" एका दमात. मला हसू आलं. पण त्या त्रिकोणाबद्दल आपल्याला जेवढं माहीत असतं, ते दादाच्या या दोन वाक्यांत सगळं आलं.

आपल्याकडे कीटकनाशक असो की तणनाशक, डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन छापावाच लागतो. १९७१च्या नियमांपासूनची ही रीत आहे. चौकोनाचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आणि रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या जनावराच्या पोटात किती गेलं किंवा कातडीवर किती लागलं म्हणजे ते मरतं, यावरून. हे जनावर म्हणजे बहुतेक वेळा उंदीर. माणसाच्या जिवापुरती ही पद्धत ठीकच आहे. फवारणारा माणूस आधी वाचला पाहिजे, यात वाद नाही. पण दादा ते औषध टाकणार होता पाण्यात, आणि त्रिकोणावर मत होतं उंदराचं.

(आत एक घडीचा कागद असतो. त्यात पाण्याबद्दलही काहीबाही लिहिलेलं असतं, मुंगीनं वाचावं अशा अक्षरांत.)

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, माणगावच्या पुढे. शेत म्हणजे उतरत्या पायऱ्यांसारखी भातखाचरं, आणि तळाला ओढा. लहानपणी मृगाचा पाऊस लागला की आम्हा पोरांचं लक्ष अभ्यासात नसायचं, कानात नुसतं ओढ्याचं पाणी. ते गढूळ झालं, आवाज जाड झाला, की कुणीतरी ओरडायचं, "वलगण लागली!" मग कंदील, पाग, टोपल्या, गोणपाटाच्या खोळी. नदीतले, ओढ्यातले मासे उलट्या धारेनं वर चढायचे, बांधावरून पडणाऱ्या वितभर पाण्यात उड्या मारत मारत खाचरात शिरायचे. मळ्ये, शिंगट्या, खवळे, मधूनच एखादी वाम. कंदिलाच्या उजेडात पाणी नुसतं चमचमायचं. बाबा पाग टाकायचे ते कमरेतून वळून, आणि तो गोल उघडून पाण्यावर पडायचा तेव्हा आई नेहमी "अरे वा" म्हणायची. दर वर्षी.

याच्या आठवणी काढून गळा काढायचा माझा बेत नाही. वलगणीचे मासे म्हणजे गाबोळीनं भरलेले मासे. अंडी घालायला निघालेल्या माशाला वाटेतच धरून आम्ही तव्यावर टाकत होतो, आणि गाबोळीचा मासा कुणाला मिळाला यावरून भांडतही होतो. मासे कमी झाले त्यात आमच्या पागाचाही हात आहे, पुढे कुणी ओढ्यात डायनामाइट टाकला त्याचा आहे, पूल बांधताना झालेल्या भरावाचा आहे. एकट्या बाटलीवर सगळं ढकलायचं तर सोपं आहे, पण खोटं ठरेल.

मासा खाचरात येतो तो त्याला तिथे मोठा मासा भेटत नाही म्हणून. उथळ पाणी, उन्हाची तिरीप आली की लगेच कोमट होणारं. तळाला शेवाळ, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव, पिल्लांना तोंड उघडलं की खाऊ. बाळंतिणीची खोलीच म्हणा. बेडकांचंही तेच. पहिल्या पावसाबरोबर तो मोठा बेडूक पिवळाधमक होऊन डरकाळ्या फोडतो, मादी अंडी घालते, दोनेक दिवसांत टॅडपोल, आणि साधारण महिना सव्वा महिन्यात पाय फुटून ते बांधावर. मुठे खेकडे बांधाच्या बिळात. शंखातल्या गोगलगाई रोपांच्या बुडाशी. जून संपता संपता खाचर असं भरलेलं असतं.

आणि जुलैत लावणी होते. लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत ब्युटाक्लोर टाकायचं.

ब्युटाक्लोर उगवलेल्या तणाचं फार काही वाकडं करू शकत नाही. ते धरतं अंकुराला. चिखलाच्या वरच्या थरात तणाचं बी रुजायला लागतं त्याच वेळी या औषधाचा पातळ थर तिथे असावा लागतो. भाताचं रोप तोवर तीन-चार आठवड्यांचं झालेलं असतं, त्याची मुळं खाली गेलेली, म्हणून ते वाचतं. थर सारखा बसावा यासाठी खाचरात बोटभर-दोन बोटं पाणी धरून ठेवायचं. पंप घेऊन फवारायचीसुद्धा गरज नाही. वाळूत औषध कालवायचं आणि बी पेरावं तसं मुठीनं फेकत जायचं. पाण्यात पडलं की दुधासारखा ढग उठतो, जरा वेळानं विरतो. किती हुशारीनं शोधलंय हे, असं मला खरंच वाटलं. तारखेचा खेळ आहे सगळा. तणाचं बी कधी डोळा उघडतं ते हेरून त्याच आठवड्यात गाठायचं.

त्याच आठवड्यात त्याच पाण्यात आणखी कोण डोळे उघडतं, ते मात्र कुणी हेरलेलं नाही.

त्या रात्री झोप येईना. शेजारच्यांच्या घरातली लग्नपत्रिका होती, तिच्या पाठीवर हिशेब मांडला. एकराला एक लिटर बाटली. पन्नास टक्के, म्हणजे असली औषध ५०० ग्रॅम. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर आणि थोडं वर. पाणी धरू ५ सेंटीमीटर. झालं दोन लाख लिटर. आमच्याकडे उन्हाळ्यात येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वीस टँकर. वीस टँकर पाण्यात एक बाटली! ऐकायला काहीच नाही. पण भागाकार केला तर लिटरमागे अडीच मिलिग्रॅम येतात.

आता दुसरा आकडा. एखादं रसायन माशाला किती घातक, हे मोजायची जगभर एक ठरलेली रीत आहे. टाकीत मासे सोडायचे, चार दिवस म्हणजे ९६ तास ठेवायचे, आणि किती तीव्रतेला निम्मे मासे मरतात ते लिहायचं. ब्युटाक्लोरसाठी साध्या कार्पला हा आकडा लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली आहे. ट्राउटला जेमतेम अर्धा. माझ्या लग्नपत्रिकेवर होते अडीच.

मी दोनदा केला भागाकार. तेवढाच आला.

लगेच दादाला उठवून सांगावं असं वाटलं, पण बरं झालं नाही सांगितलं. कारण खाचर म्हणजे काचेची टाकी नव्हे. ब्युटाक्लोर चिखलाला धरून बसतं, चिखलातले जिवाणू ते तोडत जातात, आणि पाण्यातलं प्रमाण दिवसागणिक उतरतं. अडीच हा पहिल्या तासांचा आकडा. आमच्याकडचे मळ्ये कार्पपेक्षा चिवट असतील, कदाचित नाजूक असतील. पण ज्या दिवशी मुठीनं वाळू फेकतात त्या दिवशी पिल्लांनी कुठे जावं? मोठा मासा वास लागला तर ओढ्याकडे पळेल. डोळ्यांएवढ्या पिल्लाला बांध म्हणजे सह्याद्री.

तणनाशक वनस्पतीसाठी असतं, मग प्राण्यांना कशाला बाधेल, हा प्रश्न दादाच नव्हे, चांगले शिकलेले लोकही विचारतात. ग्लायफोसेटची तर हीच ख्याती. १९७०च्या सुमारास अमेरिकेत मोन्सँटोमध्ये जॉन फ्रान्झ यांना त्याचा गुण कळला, १९७४ला ते राउंडअप नावानं बाजारात आलं. वनस्पतीत काही अमिनो आम्लं बनवण्याची एक साखळी असते, तिच्यातलं एक विकर ते बंद पाडतं. प्राण्यांत ती साखळीच नाही. कुलूपच नाही तर किल्ली कशाला लागणार? हा युक्तिवाद बरोबर आहे, आणि तरी टॅडपोल मेले.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रिक रेलिया यांनी २००५मध्ये छापलेला प्रयोग मी किती वेळा वाचला असेन. त्यांनी उघड्यावर मोठमोठ्या टाक्यांत तळी बनवली. शेवाळ, गोगलगाई, पाणकिडे, टॅडपोल, सगळे मिळून प्राण्यांच्या २५ जाती. मग निरनिराळ्या टाक्यांत निरनिराळी औषधं: दोन कीटकनाशकं आणि दोन तणनाशकं, राउंडअप आणि आपल्याकडे उसात सर्रास मारतात ते टू-फोर-डी. टू-फोर-डीनं त्या टाक्यांत काहीच केलं नाही. हेही लिहायला हवं, नाहीतर सगळी तणनाशकं एका माळेचे मणी असं वाटेल. राउंडअपच्या टाक्यांत मात्र टॅडपोलच्या दोन जाती पूर्ण नाहीशा झाल्या आणि तिसरी जवळजवळ. दुसऱ्या एका प्रयोगात तीन आठवड्यांत ९६ ते १०० टक्के टॅडपोल गेले. उत्पादकांचं म्हणणं पडलं की हे औषध पाण्यावर मारायचं नाहीच आणि दिलेली मात्रा जास्त होती. त्यात तथ्य नाही असं नाही. पण शेताच्या कडेचं डबकं फवारणाऱ्याला दिसतं का, आणि दिसलं तरी तो पंप बंद करतो का, हे शेतावर राहिलेल्या कुणालाही विचारा.

मारणारं होतं कोण? मुख्यतः सोबती. ग्लायफोसेट पानावरून ओघळून जाऊ नये, पानात शिरावं म्हणून त्यात साबणासारखा एक पदार्थ घालतात. त्या वेळच्या राउंडअपमध्ये तो गुरांच्या चरबीपासून केलेला असे. पानाचा मेणचट थर जो पदार्थ भेदतो, तो कल्ल्याची नाजूक त्वचा सोडेल कशाला? युरोपीय संघानं २०१६मध्ये ग्लायफोसेटबरोबर हा चरबीचा पदार्थ वापरायला बंदी केली. ग्लायफोसेटला तेव्हा मुदतवाढ मिळाली, सोबत्याला हद्दपारी. आपल्या बाटलीवर मुख्य औषधाचं नाव आणि टक्के ठळक असतात. उरलेल्या टक्क्यांत काय आहे, ते भाच्याला कितीही मोठ्यानं वाचून सापडायचं नाही.

रेलिया यांचाच नंतरचा, २०१२चा एक प्रयोग आहे. न मारणाऱ्या मात्रेत राउंडअप असलेल्या पाण्यात टॅडपोलची शेपटं मोठी झाली. पाण्यात शिकारी किडा असला की शेपटं अशी मोठी होतात, पळायला बरं म्हणून. इथे किडा नव्हता. शत्रूचा वास नुसता रसायनातून आला असावा. हे वाचून मी पुस्तक मिटतात तसा लॅपटॉप मिटला होता.

ॲट्राझिन या तणनाशकाची गोष्ट जास्त गाजलेली आहे, म्हणून थोडक्यात. देशावर मक्याला आणि उसाला ते लागतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला टायरोन हेज यांनी जन्मानं नर असलेले ४० आफ्रिकी बेडूक ॲट्राझिनच्या पाण्यात वाढवले, प्रमाण अब्जात अडीच भाग. पुन्हा अडीच, पण माझ्या खाचरातल्या अडीचपेक्षा हजारपट पातळ. बहुतेकांची नरपणाची ताकद गेली आणि दहातला एक चक्क मादी झाला, नराशी जुगला, त्यानं अंडी घातली. २०१०ला हे छापून आलं. त्याआधीच, २००७मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं ॲट्राझिनचा बेडकांच्या जननेंद्रियांवर परिणाम होत नाही असा निर्वाळा दिला होता. भांडण अजून चालूच आहे. युरोपनं भांडणाच्या निकालाची वाट पाहिली नाही; भूजलात सापडतं एवढ्या कारणावर २००३-०४च्या सुमाराला त्याला दार बंद केलं.

मला मात्र त्या नर-मादीपेक्षा गोगलगाईची गोष्ट जास्त लागली. जेसन रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या १८ पाणथळ जागा तपासल्या, आणि बेडकांच्या अंगात पर्णकृमी, म्हणजे पानासारखे चपटे जंत, कुठे जास्त, कुठे कमी, हे कशावर अवलंबून आहे ते शोधलं. २४०हून जास्त कारणं पडताळली. सगळ्यांत पुढे आलं ॲट्राझिन, जोडीला खतातला फॉस्फेट. कसं? ॲट्राझिन पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ मारतं. पाणी नितळ होतं. ऊन तळापर्यंत पोचतं. तळाच्या दगडकाड्यांवरचं शेवाळ माजतं. ते खाऊन गोगलगाई माजतात. गोगलगाईंत पर्णकृमी वाढतात, आणि तेच बेडकात शिरतात, ज्याची प्रतिकारशक्ती त्याच औषधानं आधीच खचवलेली असते.

म्हणजे काठावर उभ्या माणसाला काय दिसेल? स्वच्छ, तळ दिसणारं पाणी. आजी असती तर तिनं ओंजळ भरून प्यायलं असतं. पर्णकृमी आमच्याकडेही ओळखीचा आहे. म्हशीच्या यकृतात होतो, गोगलगाईच्याच वाटेनं येतो, आणि डॉक्टर "पाणथळीत चारू नका" म्हणून सांगून जातात. जसं काही कोकणात पावसाळ्यात पाणथळ नसलेली जागा असते.

सकाळी चहा पिताना दादाला लग्नपत्रिका दाखवली. त्यानं शांतपणे पाहिली. आकडेमोड त्याची माझ्यापेक्षा चांगली आहे, दहावीला गणितात तोच पुढे होता.

"पाणी पाच सेंटीमीटर नाय, सात तरी असेल," तो म्हणाला.

"बरं, सात. मग पावणेदोनच्या आसपास होतील."

"होतील." पत्रिका परत दिली. "आता ही बाजू बघ. बेणणीला बाई ४०० रुपये, वर चहा, जेवण. आणि कुठे आहे बाई? सकाळी साडेसातला कंपनीची बस येते, अख्खी वाडी भरून नेते. तुझी वहिनी एकटी किती वाकेल? गेल्या साली तिच्या कमरेचा एक्स-रे काढला तो ठेवलाय कपाटात. तू येतेस बेणायला?"

चार दिवसांची रजा होती. मी तण काढायला गेले. वरच्या खाचरातल्या गेल्या आठवड्यात लावलेल्या तुकड्यात लव्हाळा आला होता, माका आला होता. दोन गुंठे उरकायला मला दीड दिवस लागला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताना वहिनीनं हात दिला. ती काही बोलली नाही. तिला बोलायची गरज नव्हती. मे २०२०मध्ये केंद्र सरकारनं २७ कीडनाशकांवर बंदी घालायचा मसुदा काढला होता, त्यात ब्युटाक्लोर होतं, ॲट्राझिन होतं, टू-फोर-डीही होतं. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसून. वहिनीच्या कमरेचं काय करायचं, ते त्या मसुद्यात नव्हतं आणि माझ्या टाळीतही नव्हतं.

दादानं मात्र एक केलं. ओढ्याला लागून असलेलं सगळ्यात खालचं खाचर त्यानं औषधाविना सोडलं. "ते तुझं. तण झालं तर तूच ये." आणि वरच्या खाचरांतून पाणी आठवडाभर बाहेर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. औषध चिखलाला धरायला आणि तुटायला तेवढा वेळ मिळाला तर ओढ्यात कमी जाईल. त्यानं दुपारी वाळू कालवली, फेकली, मग बांधाच्या मोऱ्या चिखलानं आणि तरवडाच्या फांद्यांनी गच्च बंद केल्या.

मला अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला टॅलेंट गावचा कालवा आठवत होता. तिथे कालव्यातलं गवत मारायला ॲक्रोलिन नावाचं जहाल औषध सोडायचे. मे १९९६मध्ये एक दरवाजा नीट बसला नव्हता, पाणी झिरपून बेअर क्रीक या ओढ्यात गेलं आणि स्टीलहेड ट्राउटची ९२,००० पिल्लं मेली. कालवेवाल्यांनी कोर्टात सांगितलं की औषध सरकारमान्य लेबलाप्रमाणे वापरतो, मग वेगळी परवानगी कशाला? २००१मध्ये कोर्टानं म्हटलं, लेबल पुरेसं नाही. आमच्याकडे तर दरवाजाही नाही. चिखल आणि फांद्या.

पाऊस आला तो रात्री दीडच्या सुमाराला. कौलांवर आधी वाळू फेकल्यासारखा, मग आवाजच वेगळा काढता येईना असा. दादा उठलेला दिसला, मीही उठले. त्यानं फावडं घेतलं, मी बॅटरी. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. बांधावर पोचलो तेव्हा मोऱ्या होत्या तशाच बंद होत्या, आणि पाणी त्यांच्या वरून, बांधाच्या अख्ख्या लांबीवरून, चादरीसारखं खाली पडत होतं. एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून माझ्या त्या औषध न टाकलेल्या खाचरात, तिथून ओढ्यात. दादा चिखल ओढून बांध चढवत राहिला. तो वितभर चढवायचा, पाणी दीड वीत चढायचं. शेवटी त्यानं फावडं रोवलं आणि नुसता उभा राहिला.

मी खालच्या बांधावर होते, पाणी पायांवरून वाहत होतं. घोट्याला काहीतरी गुळगुळीत आपटलं. मग दुसरं. मी बॅटरी खाली केली. वलगण संपून महिना झाला होता, पण मागून चढणारे असतात काही. बोटभर लांबीचे मळ्ये, सात-आठ असतील. धारेत तोंड करून उभे राहायचे, शेपटी मारायचे, बांधाच्या कडेवरून निसटून खाली पडायचे, पुन्हा उभे. एकानं उडी घेतली, माझ्या पायावरून गेला आणि वरच्या खाचरात शिरला.

"दादा," मी हाक मारली, "चढतायत."

"बघितले," तो म्हणाला. पावसात त्याचा चेहरा दिसत नव्हता. "बॅटरी बंद कर. उजेडाकडे येतात."

मी बॅटरी बंद केली.